पाठवणीचा शॉट आणि थोरली काकी

जुन्या, चांगल्या सिनेमाला कुणी पुन्हा हात लावू नये असं माझं मत होतं, आणि सांगलीत ते ऐकून घेतल्याशिवाय माझ्या तावडीतून सुटलेला माणूस सापडणं कठीण. माझा लग्नपत्रिका छापायचा छापखाना आहे. पत्रिकेचा मजकूर घेऊन आलेल्या मुलीच्या वडलांनाही मी रिमेकवरून सुनावलेलं आहे, आणि मुहूर्ताची वेळ तरी बरोबर छापली जावी म्हणून ते बिचारे मान डोलवत राहिलेले आहेत. महिन्यातून एकदा आम्ही काही मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये जमून जुने सिनेमे बघतो. सिनेमा संपला की मी उठून बोलतो. मंडळी घड्याळाकडे बघतात, पण बसून राहतात, कारण चहा माझ्या भाषणानंतर येतो.

म्हणणं साधं होतं. नवं करायचं तर नवं करा, आपल्याकडे गोष्टींना काय तोटा आहे? ज्याने पहिल्यांदा केलं त्याला जे साधलं ते साधलं. तेच पुन्हा रंगीत करून, नव्या पोरी नाचवून काय मिळवायचं? हे मी हात नाचवत सांगायचो आणि समोरच्याचं काही ऐकून घ्यायचो नाही. माझं मत आजही तितकंच ठाम आहे. फक्त ते आता बरोबर उलट्या बाजूचं आहे, आणि ते कसं फिरलं तेवढं सांगायचं आहे.

माझं गाव कोरेगावजवळ. पन्नासेक वर्षांपूर्वी आमच्या गावात एका मराठी सिनेमाचं शूटिंग झालं होतं. सिनेमाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही माझं ऐकायचं सोडून त्यातली गाणी गुणगुणायला लागाल. काळापांढरा सिनेमा. गरीब घरची पोर मोठ्या घरी दिली जाते आणि पुढे तिचे हाल होतात, एवढीच गोष्ट. पण त्यातला पाठवणीचा प्रसंग जाणकार लोक अजून डोक्यावर घेतात. नटी जे रडते ते रडणं पुन्हा कुणाला जमलं नाही असं म्हणतात. का जमलं नाही, ते आमच्या गावाला माहीत आहे.

दिग्दर्शकाला गर्दीसाठी गावातल्याच बायका हव्या होत्या. त्याने नीट समजावून सांगितलं होतं की पहिल्या तिघींनी नवरीची ओटी भरायची, बाकीच्यांनी मागे उभं राहून डोळे पुसायचे. बायकांनी मान डोलवली आणि आपापसात ठरवून टाकलं की असलं काही चालायचं नाही. गावातून पोर निघालेली आणि तिघींनीच ओटी भरायची, बाकीच्या काय उपऱ्या आहेत? झालं. ज्या त्या घरातून तांदूळ, नारळ, हळकुंडं आली, कुणी पेटीतला कोरा खण काढून आणला. कॅमेरा सुरू झाला आणि एकेक सवाष्ण पुढे व्हायला लागली. दिग्दर्शक ‘कट, कट’ म्हणून ओरडत होता. ओटी अर्ध्यावर सोडायची नसते हे त्याला कळत नव्हतं आणि कट म्हणजे काय हे बायकांना. नटीचा पदर भरला की ती तो टोपलीत रिकामा करून पुन्हा पसरायची. शेवटी एका म्हातारीने तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, “सांभाळून र्‍हा गं माझे बाई.” त्यावर ती पोरगी जी फुटली ती फुटलीच. तो हुंदका सिनेमात आहे. कॅमेरावाला शहाणा होता, त्याने कॅमेरा बंद केला नव्हता.

त्या दिवसापासून ती नटी आमच्या गावची लेक झाली. दिवाळीला तिला साडी पाठवायची असं ठरलं. गावातला एक जण मुंबईला गिरणीत होता, तो साडी घेऊन तिच्या बंगल्यापर्यंत गेला. गुरख्याने आत सोडलं नाही, तेव्हा साडी त्याच्याच हातात ठेवून “माहेरहून आलीय म्हणावं” एवढं सांगून तो परत आला. साडी तिला पोचली की गुरख्याच्या बायकोला, ते कुणाला ठाऊक नाही. गावाने आपलं काम केलं होतं.

त्या शॉटमध्ये माझी आई आहे. नवरीची ओटी भरणाऱ्या बायकांत ती दुसरी. नव्यानेच लग्न झालेली, नाकात नथ, आणि माझ्या वेळचे दिवस गेलेले. म्हणजे त्या सिनेमात मीही आहे, फक्त श्रेयनामावलीत माझं नाव नाही. आई नवरीच्या कपाळाला कुंकू लावते, ओटी भरते, मग मान वर करून डावीकडे कुठेतरी बघते आणि पुन्हा नवरीकडे वळते. एवढंच. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. तिचे फोटो आहेत, पण फोटो म्हटलं की ती अशी ताठून बसायची की ती आई वाटतच नाही. पदर सावरणारी, मान वळवणारी माझी आई फक्त तिथे आहे. आता कळलं असेल, रिमेकचं नाव काढलं की माझ्या अंगाचा तिळपापड का व्हायचा.

यात्रेला दर वर्षी हा सिनेमा देवळापुढच्या पटांगणात पडदा बांधून दाखवायचे. पाठवणीचं रीळ दोनदा चालवायचा नियमच होता. पहिल्यांदा सिनेमा म्हणून आणि दुसऱ्यांदा आपापली माणसं बघायला. बायका पडद्याकडे बोटं दाखवून हसायच्या, आपण तेव्हा किती बारीक होतो ते एकमेकींना सांगायच्या. मी थोरल्या काकीच्या मांडीवर बसलेला असायचो. “ती बघ तुझी आई” म्हणून काकी मला दाखवायची.

ही थोरली काकी म्हणजे माझ्या वडलांच्या मोठ्या भावाची बायको. लग्नानंतर थोड्याच वर्षांत काका गेले. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी गेली नाही. आमच्याच घरात राहिली, शेत तिनेच बघितलं आणि मलाही निम्माशिम्मा तिनेच वाढवला. जिभेला धार, मनात काही ठेवायची नाही. आजही लावणीसाठी आल्याचं बेणं कोणतं ठेवायचं आणि कोणतं टाकायचं हे तीच ठरवते, आणि व्यापारी तिच्याशी बोलताना आवाज खाली ठेवतो. त्या शॉटमध्ये काकी नाही. ती तेव्हा शेतावर गेली असेल असं मी धरून चाललो होतो. कधी विचारलं नव्हतं.

मग गेल्या वर्षी एक मुलगी छापखान्यात आली. मिरजेची, सिनेमाचं शिकून आलेली, दोन छोट्या फिल्मा केलेली. मला वाटलं पत्रिका छापायची आहे. तिने सांगितलं की तिला तो सिनेमा पुन्हा करायचा आहे, आमच्याच गावात, आणि त्यासाठी गावाशी बोलणारं माणूस म्हणून मी हवा आहे. तिला माझ्याकडे पाठवणारा कुणीतरी माझा शत्रूच असणार. मी तिला बसवलं, चहा मागवला आणि माझं सगळं भाषण पहिल्यापासून ऐकवलं. तिचा चहा तेवढ्यात पिऊन झाला.

मी थांबल्यावर तिने विचारलं, “ती दुसरी बाई डावीकडे का बघते?”

हा प्रश्न माझ्या हातचा होता. मी सांगितलं की ती माझी आई आहे, आणि ज्या रस्त्याने पोर कायमची जाणार त्या रस्त्याकडे ती बघते. एका नजरेत आख्खा सिनेमा आहे. हे मी हॉलमध्ये इतक्या वेळा सांगितलं होतं की मंडळी माझ्याबरोबर ओठ हलवायची.

“पण रस्ता उजवीकडे आहे ना?” ती म्हणाली. “पुढच्याच शॉटमध्ये बैलगाडी उजवीकडे जाते.”

गाडी उजवीकडे जाते हे मला पाठ होतं. दोन शॉट शेजारी ठेवून बघायचं मात्र कधी सुचलं नव्हतं. दिग्दर्शकाची काहीतरी चूक झाली असेल, असं मी म्हणून गेलो, आणि त्या सिनेमात चूक निघाली ती माझ्याच तोंडून, हे ध्यानात आल्यावर माझा गार झालेला कप उचलून तोंडाला लावला. मुलीला हसू आलं होतं, पण ती हसली नाही. गावात कुणाला आठवत असेल तर विचारून बघा, एवढं म्हणून ती गेली.

त्याच आठवड्यात मी गावी गेलो. काकी ओसरीवर आल्याचं बेणं निवडत बसली होती. मी बोलता बोलता विचारलं, की त्या शूटिंगच्या वेळी डाव्या बाजूला काय होतं, आई कुठे बघत होती?

काकीने हातातला तुकडा वास घेऊन बाजूला टाकला. “माझ्याकडं,” ती म्हणाली. “मी हुती तिथं. गोठ्याच्या भिंतीपाशी.”

मग तिने सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात, कुणा दुसरीची हकिकत सांगावी तसं. सकाळपासून नारळ सोलले तिने, तांदूळ निवडले तिने, ताटं लावली तिने. काकांना जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. सिनेमा आहे म्हणून तीही हौसेने रांगेत उभी राहिली. माझ्या आजीने नुसतं डोळ्याने खुणावलं आणि ती मागे झाली. दिग्दर्शकाने काही म्हटलं नव्हतं, त्याला कळलंसुद्धा नाही. “तुझी आई भरून झाल्यावर माझ्याकडं बघायची,” काकी म्हणाली. “तवा बघितलं, ते सिनेमात घावलं. पर ती दर खेपेला बघायची. घरातली कंची बी पाठवणी असू दे, तिची मान एकदा माझ्याकडं वळायचीच.”

परतताना कोरेगावच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत मी मोबाइलवर तो शॉट पुन्हा पुन्हा लावला. आईने मान वर केली की पडद्याची कड लागते आणि कडेपलीकडे काकी उभी आहे. आईचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता. आणि ज्या शॉटवर मी आयुष्यभर जीव टाकला त्याचा मला रागही आला. क्लासिक म्हणजे जिथे काही घालायचं राहिलेलं नाही, असं मी लोकांना बजावत आलो होतो. राहिलं होतं की. एक अख्खं माणूस राहिलं होतं, आणि त्या माणसाच्या मांडीवर बसून मी तो सिनेमा पाहत होतो.

म्हणून आता कुणी विचारलं की जुना सिनेमा पुन्हा करावा का, तर मी म्हणतो, जरूर करावा. जुन्याला कुणी पुसून टाकत नाही, तो आहे तिथेच राहतो, माझी आई आहे तिथेच मान वळवत राहणार आहे. पण करताना आधी कडेबाहेर कोण उभं आहे ते बघावं. ते बघायचं नसेल तर खुशाल घरी बसावं. आमच्या मंडळींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे घड्याळाकडे बघितलं.

मी त्या मुलीला फोन केला आणि सांगितलं की गावाचं सगळं मी बघतो, पण नव्या सिनेमात काकी नवरीची ओटी भरणार. ती आनंदाने ओरडलीच. प्रसंग तिने त्याच दिवशी नव्याने लिहिला. गावात विचारलं, तर मला वाटलं होतं तसा वाद मुळीच झाला नाही. आजच्या बायका शिकलेल्या, त्यांनी हसून मान्य केलं. “सिनेमाच तर हाय, त्यात काय हुतंय?” असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. मी खुशीत येऊन काकीला सांगायला गेलो.

काकीने साफ नाही म्हटलं.

“तवा सिनेमा असून वटी खरी धरली, म्हनून मला मागं सारलं,” ती म्हणाली. “आता वटी खोटी धरताय, म्हनून मला फुडं बोलावताय. म्हंजी खऱ्यात मी न्हाईच.”

छापखान्यात तोंडाचा पट्टा चालवणारा मी, ओसरीच्या कडेला बसून आल्याची माती नखाने खरवडत राहिलो. मग काकीच म्हणाली, “करीन की. न्हाई कशाला करीन? पर आधी घरात. मग तिकडं.”

तो सिनेमा आता पुरा झाला आहे आणि काकी त्यात आहे. पडद्यावर ती कशी दिसते ते तुम्ही बघालच, मी सांगत नाही. सांगायचं आहे ते शूटिंगच्या दिवशी सकाळी घरात जे झालं ते.

शूटिंग बघायला माझी बायको आणि मुलगी सांगलीहून आल्या होत्या. मुलीचं लग्न होऊन सहाएक महिने झाले होते, सासर पुण्याला. आठवडाभर माहेरपण झालं होतं आणि त्याच सकाळी तिला घ्यायला जावई येणार होते. घरची लेक निघाली की तिची ओटी भरायची ही आमच्याकडे साधी, नेहमीची गोष्ट, त्यात काही सोहळा नाही. ती भरते तिची आई, नाहीतर शेजारची कुणी सवाष्ण. पूर्वी आजी भरायची. काकी ताट लावून द्यायची आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबायची.

त्या दिवशी काकीने ताट लावलं आणि ते स्वतःच घेऊन बाहेर आली. नवं लुगडं नेसलेली, शूटिंगसाठी तयार. शेजारच्या दोघीतिघी तिला न्यायला म्हणून अंगणात उभ्या होत्या, त्यांनी ताटाकडे बघितलं. माझी मुलगी पाटावर बसली होती. तिने काहीच मनात न आणता पदर पुढे केला.

बायकोने माझं कोपर धरलं. ती शाळेत शिकवते, असल्या गोष्टींवर वर्गात पोरांना चांगलं सांगते, हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलवा म्हणून शाळेत भांडलेलीसुद्धा आहे. पण ते शाळेत. “पोरीचा संसार आत्ता सुरू होतोय हो,” ती माझ्या कानाशी म्हणाली. माझ्याही मनात तेच आलं होतं. लेक आपली असली की हे असं होतं, आणि होत नाही म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

काकीने ते ओळखलं. तिने कुंकवाचा करंडा उघडलासुद्धा नव्हता. ती माझ्या बायकोला म्हणाली, “तुझी लेक हाय. तू न्हाई म्हन, मी ताट आत नेती. राग न्हाई माझा. पर मग तिकडं बी मी जायची न्हाई.”

अंगणातल्या बायका जमिनीकडे बघायला लागल्या. मुलीने पदर तसाच धरून ठेवला होता आणि ती आईकडे बघत होती, रागाने नाही, पण वाट बघत होती. मला बोलता आलं असतं. पण हे माझं बोलायचं नव्हतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर कळलं.

बायको पुढे गेली. मुलीला तिने हाताला धरून पाटावरून उठवलं, आणि मला वाटलं, संपलं. मग ती स्वतः पाटावर बसली. डोक्यावरून पदर घेतला, त्याचं टोक दोन्ही हातांनी पसरलं.

“काकी, आधी माझी भरा,” ती म्हणाली. “काय व्हायचं ते मला होऊ दे.”

काकीने करंडा उघडला. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही ती रडली नाही, पण करंड्यातलं कुंकू बोटाला घेताना थोडं ताटात सांडलं. तिने माझ्या बायकोच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीने तांदूळ घातले.

“नीट धर,” ती म्हणाली. “नारळ जड हाय. व्हायचं ते एवढंच.”

माझा फोन वाजला. ती मिरजेची मुलगी होती, ऊन वर चढतंय, सगळे थांबलेत, काकी निघाल्या का म्हणून विचारत होती. मी फोन हातात धरून काकीकडे बघितलं. तिने माझ्या बायकोला उठायला हात दिला आणि मुलीला पाटावर बसायची खूण केली.

“थांब म्हनावं तिला,” काकी म्हणाली. “हितं अजून एक र्‍हायलीय.”